हिरव्या रंगाची स्नोमोबाइल : ट्रॅक्टरच्या कंपनीने ती का बनविली?

तापीकाठ (रावेर) :
माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तेथील एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून असलेल्या जुन्या स्नोमोबाइलचे (बर्फावर धावणाऱ्या छोट्या गाडीचे) छायाचित्र त्याने पाठविले आहे. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, बॉनेटवर ‘500’ हा आकडा, आणि आमच्या केळीच्या बागांत फिरणाऱ्या ट्रॅक्टरवर असते तेच हरणाचे चिन्ह व तोच हिरवा रंग. ही गाडी खरोखर जॉन डियरची आहे, की कोणा हौशी माणसाने भलत्याच गाडीला रंग दिला आहे? आणि ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीला बर्फात उतरण्याची गरज तरी का पडली असावी? भाचा ती विकत घेण्याच्या विचारात आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

सुटेभाग_जळगाव :
गाडी अस्सल असण्याचीच शक्यता अधिक आहे. कंपनीने 1972 च्या हंगामासाठी 400 आणि 500 अशी दोन मॉडेल काढली होती. त्यांपैकी 500 चे इंजिन दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि 436 सीसीचे होते.

ती बनली विस्कॉन्सिनमधीलच हॉरिकॉन या गावी, आणि या कारखान्याचा पूर्वेतिहास शेतकऱ्याने वाचावा असा आहे. तेथे मुळात व्हॅन ब्रंट यांचा पेरणी यंत्रांचा कारखाना होता, तो जॉन डियरने 1911 मध्ये विकत घेतला. पुढे 1963 मध्ये याच कारखान्यातून 110 हा बागेचा छोटा ट्रॅक्टर बाहेर पडला आणि घराभोवती मोठे अंगण असलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाला तो आवडलाही. मात्र हा धंदा गवत वाढते तोवरचाच. हिवाळा लागला की कारखान्यातील यंत्रे आणि गावोगावचे विक्रेते दोघेही रिकामे. लहान इंजिन, पट्ट्यावर चालणारी यंत्रणा, पत्र्याचे काम आणि दुरुस्तीचे कारागीर हे सारे हाताशी असताना बर्फाच्या महिन्यांत विकता येईल अशी वस्तू शोधणे ओघानेच आले. पेरणी आटोपल्यावर आपल्याकडचे दुकानदार बियाणे आवरून फवारणीचे पंप मांडतात, त्यातलाच हा हिशोब होता.

पांझरा_वाचक (धुळे) :
वरील कारण योग्य आहे, परंतु त्यात त्या वेळच्या बाजाराची हवा जमेस धरायला हवी. 1971 च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख स्नोमोबाइल विकल्या जात होत्या आणि बनविणारे शंभराहून अधिक होते. बोलेन्स, एरियन्स यांसारखे बागेची यंत्रे बनविणारे त्यात होतेच; मॅसी फर्ग्युसननेही ‘स्की व्हिझ’ नावाची गाडी काढली होती. म्हणजे जॉन डियर पंगतीला उशिरा येऊन बसले, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर लवकरच तेलसंकट आले, काही हिवाळे बर्फावाचून गेले आणि बहुतेकांनी हा धंदा सोडला.

जॉन डियर मात्र टिकले, आणि माझ्या मते त्याचे श्रेय गाडीइतकेच विक्रेत्यांच्या जाळ्याला द्यावे लागते, कारण खेड्यातही सुटा भाग मिळत असे. 1976 मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची ‘लिक्विफायर’ आली, तर 1980 च्या लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिम्पिकला याच कंपनीने स्नोमोबाइल पुरविल्या. पुढे शेतीच्या मंदीने मूळ धंदाच अडचणीत आला, तेव्हा हे जोडउत्पादन आधी बंद होणार हे उघड होते. 1984 च्या मॉडेलनंतर उत्पादन थांबले आणि सुट्या भागांचा साठा पोलारिस या कंपनीकडे गेला. गंमत अशी, की ‘नथिंग रन्स लाइक अ डियर’ हे घोषवाक्य प्रथम याच स्नोमोबाइलसाठी रचले गेले. गाडी गेली, वाक्य मात्र ट्रॅक्टरच्या जाहिरातींत आजतागायत चालू आहे.

तापीकाठ (रावेर) :
दोघांचेही मनापासून आभार. भाच्याने गाडी घेण्यापूर्वी काय तपासावे? मालकाच्या सांगण्यानुसार ती अनेक वर्षे सुरू केलेली नाही.

सुटेभाग_जळगाव :
दादा, सर्वप्रथम त्याला एवढे सांगा, की बॅटरी किंवा दोरी जे काही असेल त्याने ती सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि इंजिन हातानेच सावकाश फिरवून पाहावे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टची (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) हवा अडविणारी सील महत्त्वाची असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ही सील कडक होतात, तेथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन तापून जाम होतो. ल्युना आणि राजदूतवर हात बसलेल्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे नव्याने सांगावे लागत नाही. कार्ब्युरेटर उघडून साफ करावाच लागेल. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

त्यानंतर रबरी पट्टा पाहावा. तो वाकवून त्याच्या आतील बाजूस भेगा दिसतात का, आणि गाडीचा मागचा भाग उचलून हाताने ओढल्यास तो सरळ फिरतो का, हे तपासावे. इंजिन बाहेरच्या कारागिराकडूनही दुरुस्त होईल, पण इतक्या जुन्या मापाचा पट्टा शोधण्यात वेळ जाईल, म्हणून किमतीची घासाघीस पट्ट्याच्या अवस्थेवरूनच करावी. इंजिन जाम नसेल आणि पट्टा शाबूत असेल, तर रंग उडालेला असला तरी गाडी जरूर घ्यावी.