दारूही आहे आणि आवाजही येतात: आधी उपचार कशाचा?

समुपदेशक_दादर
वरचेवर येणारा पेच. रोज दोन-तीन क्वार्टर, कानात आवाज, बायकोवर संशय. मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, आधी दारू सोडवून आणा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आवाज येणारा पेशंट आम्हाला झेपणार नाही. क्रम नेमका काय? आणि आवाज दारूचे की मूळ आजाराचे, हे ओळखायचं कसं?

वॉर्ड_क्र_७
क्रम लावणं हीच चूक. दोन्ही उपचार एकाच टीमने, एकाच केसपेपरवर करायचे. पहिले चार-पाच दिवस मात्र जीव वाचवण्याचे. केसपेपरवर सगळ्यात वर लिहा: शेवटचा पेग किती वाजता. तिथून ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, ४८ ते ९६ तासांत डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स, दारू तुटल्यावर येणारा जीवघेणा भ्रम). हात समोर, बोटं फाकवून धरायला सांगा, थरथर दिसते. घाम, ताप, नाडी जोरात आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही, तर तो डीटी. तडक इमर्जन्सीत न्या. शुद्ध नीट, वार-तारीख बरोबर आणि फक्त आवाज, तर गोष्ट वेगळी.

सलाईन लावताना ग्लुकोजच्या आधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन, हे विसरलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थरथरीसाठी सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं. या गोळ्या कमी करत बंद करायच्या असतात. घरी पाकीट देऊन पाठवलं की दारू आणि गोळ्या दोन्ही चालू राहतात, आणि दोन्ही मिळून श्वास दाबतात. 'बटन' (नशेसाठी झोपेच्या गोळ्या) घेणाऱ्यांच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

परळकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरमध्ये. घरच्यांना विचारा, श्रावण पाळतो का? आपल्याकडे एरवी रोज पिणारेही श्रावणात बंद ठेवतात, म्हणजे महिनाभराची कोरडी खिडकी आयती मिळते. त्या महिन्यात आवाज होते का? संशय होता का? गणपती, दिवाळी, नोकरी सुटली तो महिना अशा खुणा मारत दोन रेघा ओढा, एक दारूची, एक आवाजांची. आवाज दारूच्या आधीपासून असतील किंवा महिनाभर कोरडं राहूनही टिकले, तर मूळ आजाराकडे झुकायचं. गांजा आणि गर्दचीही वेगळी रेघ हवी. श्रावण पाळूच शकत नाही, हीसुद्धा माहितीच.

पण रेघा पूर्ण होईपर्यंत आवाजांवरचं औषध अडवून ठेवायचं नाही. माणूस घाबरलेला असेल तर तो पुन्हा पिणारच.

औषधखिडकी
दोन गोष्टी सगळीकडे चुकतात.

पहिली, डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून द्यायची गोळी) भाजीत कालवणं. लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' वाचून लोक हेच करतात. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल, उलट्या, बीपी खाली. शिवाय या गोळीने भास वाढू शकतात, म्हणून सायकोसिसच्या (भास, भ्रम होणाऱ्या आजाराच्या) पेशंटला ती जपूनच. सांगून, संमतीने आणि शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास जाऊ देऊन.

दुसरी, विडी. विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही आवाजांवरची औषधं शरीरातून लवकर निचरतात. भरती झाला, विडी सुटली, की त्याच डोसला रक्तातली पातळी चढते: झोप, लाळ, क्लोझापिनवर फिटसुद्धा. घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला की आवाज परत. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही. मिशरी किंवा तंबाखूच्या पुडीने असं होत नाही. तेव्हा 'तंबाखू खातो का' एवढं विचारून भागत नाही, 'ओढतो का, किती' हे विचारा.

समुपदेशक_दादर
श्रावणाचं लक्षात आलं नव्हतं. तयारच नसेल तर भरती?

परळकर
२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक आजार येतो. कलम ८९ खाली पेशंटच्या नामित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोघांनी (एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर) स्वतंत्र तपासल्यावर, जास्तीत जास्त ३० दिवस. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही, हे दिसायला हवं. नुसता पितो म्हणून नाही. हात बांधून गाडीत घालून नेणारी केंद्रं या चौकटीबाहेरची.

केईएम, शीव किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत नेताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या. 'पांढरी गोळी, रात्रीची' यावरून कोणालाच काही कळत नाही. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.