मका कोरडा करूनच साठवला, तरीही अफ्लाटॉक्सिन निघाले : कारण शेतात शोधावे की कोठारात?

नमस्कार. धान्यातील बुरशीजन्य विषांचा ज्यांना अभ्यास किंवा अनुभव आहे, त्यांची मदत हवी आहे.

यंदा दाणे भरण्याच्या काळात आमच्या मक्याला जवळजवळ महिनाभर पाण्याचा ताण पडला. काढणीनंतर मात्र आम्ही कोणतीही हयगय केली नाही. कणसे उन्हात वाळवली, मळणी केली आणि ओलावा १३ टक्क्यांवर आल्याचे यंत्राने मोजून मगच धान्य पोत्यांत भरले. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचली. अडीच महिन्यांनी एकाच थप्पीतले दोन नमुने तपासायला दिले, तर एकात किलोमागे ३ मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले आणि दुसऱ्यात ४१. धान्याला कुबट वास नाही, पोत्यात ढेकळे नाहीत, आत हात घातला तरी ऊब लागत नाही.

काढणीच्या वेळी एक गोष्ट दिसली होती, पण तिचे महत्त्व तेव्हा उमगले नाही. काही कणसांची टोके सोलली, तेव्हा अळीने पोखरलेल्या पाच-सहा दाण्यांवर, तिच्या विष्ठेच्या भुशातच, शेवाळी हिरव्या रंगाची भुकटी धरलेली होती आणि बोट लावताच ती उडत होती. बाकीचे कणीस अगदी स्वच्छ होते. ती टोके मोडून टाकायला हवी होती. आम्ही सगळे एकत्रच मळले.

ही विषे ओल्या कोठारातच तयार होतात, असे मी आजवर धरून चाललो होतो. मग आमच्या मक्यात ती शेतातूनच आली असे मानावे का? एकाच थप्पीतल्या दोन नमुन्यांत एवढी तफावत कशी पडते? आणि शिजवल्याने विष कमी होते का? हे धान्य घरातली लहान मुलेही खातात, म्हणून उत्तराची निकड आहे.

प्रतिसाद

तुमच्या वर्णनावरून मूळ शेतातच असावे असे मला वाटते. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी मातीत आणि मागच्या पिकाच्या धसकटांत टिकून राहते. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन कणसाच्या केसांवर पडतात. एरवी जोमदार पिकात तिला फारसा शिरकाव मिळत नाही, पण पाण्याचा ताण आणि तीव्र उष्णता एकदम आली की पीक दुबळे होते आणि नेमकी तीच उष्णता बुरशीला मानवते. त्यात अळीने दाण्याचे साल फोडले, म्हणजे वाट मोकळीच झाली. भुईमुगातही असेच घडते : शेवटचे चार ते सहा आठवडे जमीन कोरडी आणि तापलेली राहिली, तर शेंगेतला दाणा सुकत जातो आणि बुरशीला अडवणारी द्रव्ये तयार करण्याची त्याची ताकद संपते. सर्बियात २०१२ च्या उन्हाळ्यात कडक दुष्काळ पडला, त्या हंगामाच्या मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडले आणि २०१३ च्या सुरुवातीला तो मका खाणाऱ्या गाईंच्या दुधातही त्याचा अंश आढळला.

सगळ्याच बुरश्यांना मात्र दुष्काळ लागतो असे नाही. गहू फुलोऱ्यात असताना पाऊस आणि दमट हवा राहिली, तर फ्युझेरियम ग्रामिनेरम ओंबीत शिरते आणि डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे वेगळेच विष तयार करते.

कोठाराला पूर्ण निर्दोष ठरवण्याचीही घाई करू नका. २००४ साली पूर्व केनियात अफ्लाटॉक्सिनमुळे ३१७ जण आजारी पडले आणि त्यांतले १२५ दगावले. तिथे घरात दमट अवस्थेत साठवलेला मका हे प्रमुख कारण होते. १३ टक्के ओलाव्यावर ही बुरशी वाढत नाही, पण आधी तयार झालेले विष वाळवल्याने जात नाही. शिवाय यंत्रावर दिसलेला आकडा सरासरीचा असतो. तापमानाच्या चढउतारामुळे थप्पीच्या एखाद्या थरात ओल साचू शकते, आणि सोंडे वाढले तर त्यांच्या श्वसनानेही धान्य दमट होते.

तफावतीचे म्हणाल, तर विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांतल्या मोजक्या दाण्यांतच ते एकवटलेले असते. त्यामुळे ३ या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे धान्य काढा, एकत्र करून दळा आणि नीट ढवळलेल्या त्या पिठाचा नमुना तपासायला द्या. नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने अफ्लाटॉक्सिन पूर्ण नाहीसे होत नाही, म्हणून निकाल येईपर्यंत हा मका मुलांना मुळीच देऊ नये. फुटके, रंग बदललेले आणि किडके दाणे निवडून काढल्यास प्रमाण बरेच घटते. पण ते निवडलेले दाणे दुभत्या जनावरांपुढे टाकू नका, कारण विषाचा अंश दुधात उतरतो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. मक्याचा वापर आजपासून थांबवला आहे. तुमचे उत्तर वाचताना एक गोष्ट आठवली : शेताच्या एका कडेला माती उथळ आहे, तिथले पीक सर्वांत आधी कोमेजले होते, आणि तिथला मका शेवटी मळल्यामुळे वरच्या सहा पोत्यांतच आहे. दुसरा नमुना वरच्याच पोत्यातून काढला होता. त्या सहा पोत्यांचा नमुना वेगळा तपासून घेतो आणि निकाल इथेच कळवतो.