मदत हवी आहे: संकष्टीच्या दिवशी पाकिस्तानी हॉटेलात इफ्तारचं आमंत्रण (दुबई)

नमस्कार मंडळी,

दुबईकरांनो, जरा सल्ला द्या. सोमवारच्या आत ठरवायचं आहे.

ऑफिसात माझ्या शेजारी कराचीचा एक सहकारी बसतो. चार वर्षांची दोस्ती. रमजानमध्ये इथे कामाचे दोन तास कमी होतात, त्यामुळे रोज दुपारी आम्ही बरोबरच खाली उतरतो. आई साताऱ्याहून आली आहे हे कळल्यावर त्याने परवा लिफ्टमध्येच फर्मान काढलं, "अम्माजी को लेके इफ्तार पे आना है, कोई बहाना नहीं." जागा दुबईच्या सतवा भागातलं रावी. १९७८ पासूनचं पाकिस्तानी हॉटेल, इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. त्याची बायको-मुलंही येणार आहेत. मी "आते हैं भाई" म्हणून मोकळा झालो आणि घरी येऊन कालनिर्णय बघतो तर सोमवारी संकष्टी!

आई गेली चाळीस वर्षं संकष्टी करते. शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. मी मटण-चिकन खातो, बीफ नाही. आता अडचणी अशा. दिवस बदलून मागितला तर त्याला वाईट वाटेल का? आईला नेलं तर उपासाचं तिथे काही मिळेल का, की तिने तीन तास नुसतं बसायचं? आणि बीफ खात नाही हे यजमानाला कसं सांगायचं? चार वर्षांत विषयच निघाला नाही, डबे आपापले.

गेल्या वर्षीची फजितीही सांगतो, म्हणजे माझी तयारी किती आहे ते कळेल. दुसऱ्याच एका हॉटेलात इफ्तारला गेलो होतो. समोर ताटली मांडून ठेवलेली, खजूर, भजी, समोसा, लाल सरबत. मी बसल्या बसल्या भजं तोंडात टाकलं. टेबलावरचे सहा जण हात मांडीवर ठेवून अजानची वाट बघत होते! कोणी चकार शब्द बोललं नाही, उलट एकाने चटणी पुढे सरकवली. ते भजं अजून घशात आहे.

आईचं म्हणाल तर ती 'पाकिस्तानी' ऐकून जरा थबकली. माझे मामा फौजेत होते. पण मग म्हणाली, "बोलावलंय तर जाऊ, पण फोटो ग्रुपवर टाकू नकोस." तेव्हा कृपया या धाग्याचा राजकारणाचा आखाडा करू नये, ही विनंती.

जाता जाता: कालनिर्णयातला चंद्रोदय मुंबईचा. त्यातून दीड तास वजा केला की दुबईचा होतो का?

प्रतिसाद: करामाकर

दीड तास अजिबात वजा करू नका, उपास लवकर सुटेल आणि पाप माझ्या माथी! इथलं घड्याळ दीड तास मागे असलं, तरी चंद्रही इथे मुंबईनंतर तासाभराहून जास्त वेळाने उगवतो. त्यामुळे मुंबईच्या घड्याळात जी वेळ, त्याच्या दहा-पंधरा मिनिटं अलीकडे इथल्या घड्याळात. म्हणजे नऊच्या आसपास. नेमकी वेळ दुबई शहर टाकून पंचांगाच्या अ‍ॅपवर बघा.

आणि हा योगायोग नाही हो. रमजान चंद्रकोरीवर सुरू होतो, म्हणून संकष्टी दर वर्षी सतराव्या-अठराव्या रोजाच्या आसपास येणारच. मित्राला हे सांगा, खूश होईल.

मगरीब, म्हणजे सूर्यास्ताची अजान, साडेसहाच्या सुमारास. सहाला खुर्चीत बसलेले असा. त्याआधी रस्त्यावर सगळ्यांनाच घर गाठायचं असतं, आणि ऐन अजानला टॅक्सी मिळत नाही, ड्रायव्हरही रोजा सोडत असतात. खजूर, भजी झाली की पुरुषमंडळी नमाजला उठतील. घाबरू नका, जेवण नंतर आहे.

प्रतिसाद: शारजाची सून

दिवस बदलू नका, सरळ सांगा की अम्माजींचाही रोजा आहे, चंद्र दिसेपर्यंत. याहून चांगलं कारण त्यांना कोण देणार? आईंना खजूर, केळं, कापलेली फळं चालतील. फ्रूट चाट मात्र नको, चाट मसाल्यात बहुधा हिंग असतो आणि कधीकधी छोलेही घालतात.

बीफचं आजच सांगून टाका. "हम बड़े का गोश्त नहीं खाते" एवढं पुरे. कराचीवाल्यांना हे नवीन नाही. निहारी, पाये, चपली कबाब बहुतेक बड्याचेच असतात. तुम्ही चिकन कढाई नाहीतर मटण मागवा.

एक धोक्याची सूचना. हलीम दिसायला अगदी घट्ट वरण. वर तळलेला कांदा, आलं, लिंबू. माझ्या सासूबाईंनी "डाळ छान दिसतेय" म्हणून वाटी पुढे केली होती, मी मनगट धरलं! गहू-डाळीत मांस तासन् तास घोटून विरघळवलेलं असतं, तुकडा दिसतच नाही. समोसाही विचारून घ्या, आत खिमा असू शकतो.

बिलावर झडप घालू नका. आईंनी कंदी पेढे आणले असतीलच, डबा भाभींच्या हातात द्या.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. खजूर तिथे, मोदक घरी येऊन चंद्र बघितल्यावर, असं ठरलं. पेढ्यांचा एक डबा शिल्लक आहे. बीफचंही आज बोललो. तो म्हणाला, "यार, मुझे पहले से पता है, ऑर्डर मैं करूँगा." आणि आमच्या उपासाला चहा चालतो हे ऐकून लिफ्ट खाली पोचेपर्यंत हसत होता.

तो किस्सा घरी सांगितला तिथे चुकलंच. आई विचारते, "त्याची बायकोसुद्धा दिवसभर पाणी पीत नाही?" मी हो म्हणालो. तेव्हापासून सोमवारी आपणही चहा-पाणी काही घेणार नाही म्हणून बसली आहे. वय ६८, सकाळची बीपीची गोळी आहे. हिला कोणी कसं समजवायचं, ते सांगा आता.