किटच्या किमतीवर हिशोब थांबत नाही

वडिलांची २००८ची पेट्रोल सँट्रो, इंजिन काढून मोटर-बॅटरीचं किट बसवून इलेक्ट्रिक केली तर तीन वर्षांत पैसे वसूल होतील, असं एकानं म्हटलंय. मुंबईतल्या वापरावर ते बसत नाही. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरलं, तर किलोमीटरला साधारण ७ रुपये. विजेच्या एका युनिटमध्ये ७ किलोमीटर आणि युनिटला १० रुपये धरले, तर दीड रुपया. म्हणजे वाचतात साडेपाच. किट बसवून ५ लाख लागले तर वसुलीला ९० हजार किलोमीटर हवेत. दादर ते बीकेसी जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर होत असतील, तर बारा वर्षं गेलीच!

शिवाय इंजिन काढलं की त्याच्यावर चालणारं बरंच काही जातं. ब्रेक दाबताना पायाला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरला इंजिनचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळतो. तो गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, म्हणून वेगळा इलेक्ट्रिक पंप लागतो. एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनच्या बेल्टवरचा, तोही बदलावा लागतो. कोटेशनमध्ये हे धरलंय का, ते आधी विचारा.

किट मान्यताप्राप्तच हवं, आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या केबलचा खर्च वेगळा.

वडिलांची आठवण म्हणून गाडी ठेवायची असेल, तर जरूर करा, मला ते मनापासून पटतं. पण निव्वळ पैसे वाचवायचे असतील, तर आधी गंज बघा. आपल्या दमट हवेत गाडीचा फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा, गंजानं आतून खाल्लेला असेल, तर त्यावर बॅटरीचं वजन टाकूच नका.