युद्ध संपलं, पाच पैसे राहिले

काहीजण म्हणतात, लढाई थांबली की युद्धकाळाच्या आठवणींत सांगण्यासारखं उरत नाही. मला तर उलटंच वाटतं. ब्रिटनमध्ये दुसरं महायुद्ध चालू असताना पावावर रेशनची मर्यादा नव्हती. ती आली जुलै १९४६ मध्ये, म्हणजे जिंकल्यावर!

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आजीच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पाकिटं आहेत. १९७१ चं युद्ध १६ डिसेंबरला संपलं, पण बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट मार्च १९७३ पर्यंत लावावं लागे. आजी कुरकुरायची, "लढाई तं सरली न बाप्पा, मंग हे पाच पैसे काऊन?" आणि थुंकी लावून चिकटवायची. एका पाकिटावर ते चक्क उलटं लागलंय. रागात की घाईत, कोण जाणे.