विज्ञानमालिकांतलं युद्ध आणि माणूस: तीन तासांत कोणते भाग दाखवावेत?

पार्क_चौक
सोलापुरात आमच्या कॉलेजचं चित्रपट मंडळ एका रविवारी विज्ञानमालिकांचे निवडक भाग दाखवणार आहे. विषय ठरलाय: युद्धातून परतलेल्या किंवा अजून त्यातच अडकलेल्या माणसाचं काय होतं. आतषबाजी नको. हातात तीन तास, चर्चा त्यातच. बहुतेक मुलांनी 'स्टार ट्रेक'चं फक्त नाव ऐकलंय. माजी सैनिकांनाही बोलवावं असं काहींचं म्हणणं आहे. कोणते भाग, कोणत्या क्रमाने, आणि कुठे फसतं? मराठी सबटायटल आम्हीच करणार आहोत.

तिसरी_घंटा
'स्टार ट्रेक'मधल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेचे दोन भाग घ्या, दोन्ही सातव्या पर्वातले, १९९८ चे. आठवा 'द सीज ऑफ एआर-५५८' आणि दहावा 'इट्स ओन्ली अ पेपर मून'. मधल्या नवव्याचा याच्याशी संबंध नाही, तो सोडा. दोन्ही मिळून साधारण दीड तास.

पहिल्यात शत्रूचं संदेशकेंद्र ताब्यात घेऊन बसलेली तुकडी आहे. दीडशे उतरले होते, ४३ उरलेत. नियमाने ९० दिवसांत बदली हवी, इथे पाच महिने झालेत. दिग्दर्शक विनरिच कोल्बे व्हिएतनाम युद्धात सैन्यात होते. त्यामुळे असेल, हल्ल्याआधी नुसतं ताटकळत बसण्याला भरपूर वेळ दिलाय आणि भाग तिथेच अंगावर येतो. नॉग हा तरुण अधिकारी टेहळणीला जातो आणि पाय गमावतो.

खरा ऐवज दुसऱ्या भागात आहे. नवा पाय बसवलाय, डॉक्टर म्हणतात तो ठणठणीत आहे, तरी नॉग लंगडतो आणि दुखतंय म्हणतो. आघाडीवर डॉक्टर बशीरने लावलेलं एक जुनं गाणं खोलीत पुन्हा पुन्हा वाजवतो. शेवटी होलोस्वीट या आभासी जगातल्या १९६२ च्या लास वेगासात, व्हिक नावाच्या आभासी गायकाकडे मुक्कामच ठोकतो. मुलांना काठीवर नजर ठेवायला सांगा. व्हिक त्याला नवी काठी देतो, दिसायला झोकदार, पण भार फारसा न पेलणारी. त्यामुळे नकळत वजन पायावर पडायला लागतं. मग तो व्हिकच्या धंद्याचे हिशेब बघायला लागतो, रमतो, आणि ज्या जागेने सावरलं तीच आता लपायची जागा होते. व्हिक स्वतःच स्वतःचा प्रोग्रॅम बंद करतो तेव्हा कुठे नॉगच्या तोंडून निघतं की तो घाबरलाय. पाय जाऊ शकतो तर काहीही होऊ शकतं, ही ती भीती.

फक्त दुसरा भाग दाखवू नका. पाय जाताना पाहिलं नसेल तर नॉग नुसता हट्टी पोरगा वाटतो. फक्त पहिला दाखवलात तर तुमचा विषय राहूनच जातो.

सुरुवातीला एवढं सांगितलं तरी पुरे: फेरेंगी ही व्यापारी जमात, नॉग हा स्टारफ्लीट या अंतराळदलातला पहिला फेरेंगी, क्वार्क त्याचा काका, डोमिनियन हा शत्रू, आणि होलोस्वीट म्हणजे चालतंबोलतं आभासी जग. त्यापुढे गेलात तर पेंग सुरू.

लष्कर_भाग
दोन्ही भाग उत्तम, पण एकाच माणसाची गोष्ट झाली की ओ. सगळी वस्ती थकलीय ते कुठे दिसणार? 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेचा '३३' आधी लावा, पहिल्या पर्वाचा पहिलाच भाग. २००३ ची लघुमालिका पाहिलेली नसली तरी दोन वाक्यांत काम भागतं: माणसांनीच बनवलेल्या सायलॉन यंत्रांनी सगळे ग्रह उद्ध्वस्त केले, पन्नासेक हजार माणसं जहाजांतून पळतायत.

दर ३३ मिनिटांनी हल्ला, दर वेळी ताफ्याची क्षणात दूरच्या जागी उडी, अशा २३७ उड्या. १३० तासांहून जास्त जागरण. वैमानिकांना उत्तेजक गोळ्या. यात शौर्याचं भाषण नाही, चिडचिड आहे, विसरभोळेपणा आहे, आणि त्याच अवस्थेत १,३४५ माणसं असलेल्या जहाजाबद्दल निर्णय घ्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षांच्या जहाजावर फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा लिहिलाय, तो शेवटी बघा.

आणि सोलापुरात दाखवताय तर इथल्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्या. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, आघाडीवर शस्त्रक्रिया करता करता अपस्माराचे झटके सुरू झाले, डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. आपण पुतळ्याला हार घालतो, पण उपचार करणाऱ्याच्या शरीराचं युद्धात काय होतं याबद्दल फार बोलत नाही. 'बॅबिलॉन ५' या मालिकेतला डॉ. फ्रँकलिन उत्तेजकांच्या आहारी जातो, तो धागा इथे तोंडी जोडता येईल. अख्खा भाग नको, मागचापुढचा संदर्भ फार लागतो.

साधी_गोळी
मनोविकाराच्या बाजूने थोडं. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेत १९८० ला आलं, व्हिएतनामनंतर. या मालिका त्यानंतरच्या, म्हणून लक्षणं बरीच नीट उतरलीत. टाळाटाळ, दचकणं, झोप उडणं, जवळच्यांवर ओरडणं, हे सगळं नॉगमध्ये सापडेल. टाळाटाळ तर फारच छान. मालिका सहसा भडक दुःस्वप्नं दाखवतात, कारण ती कॅमेऱ्याला सोपी पडतात. न जाणं, न बोलणं दाखवायला कठीण.

फसतात ते बरं होण्याच्या वेगात. एक रडू, एक संवाद, झालं. 'पेपर मून' निदान शेवटी त्याला मर्यादित कामावरच पाठवतो, पण पुढच्या भागांत तो पाय जवळपास विसरला जातो. चर्चेला हाच प्रश्न द्या.

माजी सैनिक येणार असतील तर भागांत काय आहे ते आमंत्रणातच लिहा: गोळीबार, अवयव गमावणं. अंधार पूर्ण करू नका, दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवू नये. स्फोटांच्या दृश्यावर आधी आवाज तपासा, हॉलमध्ये तो घुमतो. चर्चेत त्यांच्याकडे माइक ढकलून 'तुमचा अनुभव सांगा' म्हणू नका, वाटलं तर ते बोलतील. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लिहा.

फाँट_फुटला
परवानगीचं बघा आधी. ओटीटीचं सदस्यत्व घरी पाहण्यासाठी असतं, सभागृहासाठी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाला सवलत आहे, पण प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच. बाहेरचे माजी सैनिक बोलावलेत की सवलतीवर भिस्त ठेवता येत नाही, हक्कदाराची लेखी परवानगी घ्या.

सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच (सेव्ह करताना 'एन्कोडिंग'मध्ये) सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील. जोडाक्षरं तुटत असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी हा फाँट निवडा. तरी तुटलीच तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने सबटायटल व्हिडिओवरच छापून टाका. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं. '३३'मध्ये रेडिओवरचं बोलणं एकमेकांवर चढतं, तिथे सगळं उतरवू नका, आदेश आणि उत्तर एवढंच ठेवा.

पार्क_चौक
मग '३३', दहा मिनिटं सुट्टी, मग नॉगचे दोन, असं करतो. प्रत्येकी पाऊण तास धरला तर चर्चेला ३५ मिनिटं उरतात. 'ब्लॅक मिरर' या मालिकेचा 'मेन अगेन्स्ट फायर' हा भाग घ्या म्हणून मागे लागलेत काही जण.

तिसरी_घंटा
तो २०१६ चा, तासाभराचा. मेंदूतल्या यंत्रामुळे सैनिकाला समोरची माणसं राक्षस दिसतात. कल्पना जबरदस्त, पण रहस्य उलगडेपर्यंत निम्मा वेळ जातो, तुमच्या तीन तासांत बसणार नाही. वेगळा दाखवलात तर एक सांभाळा. नाव एस. एल. ए. मार्शल यांच्या १९४७ च्या पुस्तकावरून आलंय. बहुसंख्य सैनिक गोळीच झाडत नाहीत हा त्यांचा दावा, आणि त्यांच्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्यात. चर्चेत कुणी ते आकडे छातीठोकपणे फेकले तर तिथेच थांबवा.

लष्कर_भाग
सुट्टी '३३'नंतर नको, नॉगच्या दोन भागांच्या मध्ये ठेवा. '३३'नंतरचा शीण तसाच घेऊन पोरं खंदकात उतरली पाहिजेत.