वक्र तळाचे बूट: पायावरचं बल कमी होतं की नुसतं सरकतं?

टाच_ते_अंगठा

रनिंगचा कुठलाही नवा जोड टेबलावर ठेवून बाजूने बघा. पुढचं टोक थोडं वर उचललेलं असतं, टाचेचा मागचा कोपराही गोल केलेला असतो. दुकानदार सांगतो, "याने पायावर लोड कमी येतो." माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

चालताना जमीन पायाला वजनाच्या साधारण 1.1 ते 1.2 पट बलाने वर ढकलते. हळू जॉगिंगला हाच आकडा 2 ते 2.5 पट होतो. सोल सपाट असो की वक्र, यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शरीर तेवढंच जड, वेग तोच, मग बल जाणार कुठे? फरक पडतो तो हे बल तळव्याच्या कुठल्या भागातून आणि किती वेळ जातं यात. नीट बनवलेल्या कडक रॉकर सोलने (म्हणजे पाऊल पुढे लोळवणाऱ्या वक्र तळाने) चवड्याखालचा सर्वोच्च दाब पाव ते निम्म्याने उतरू शकतो. पण तो भार टाच आणि मधल्या भागाला उचलावा लागतो.

म्हणून माझं मत असं की वक्र सोल हे उपचाराचं साधन आहे. अंगठ्याचा सांधा कडक झालाय, मेटाटार्सल हाडांच्या (बोटांच्या मागच्या लांब हाडांच्या) टोकाखाली दुखतंय, मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला चवड्याखाली जखमेची भीती आहे, अशा वेळी जरूर द्यावा. धडधाकट पायाला रोजच्या फेरीसाठी त्याची गरज नाही. 1996 साली स्वित्झर्लंडहून एमबीटी हे वक्र तळाचे बूट आले आणि पुढे "चालता चालता स्नायू घट्ट, चरबी कमी" अशा जाहिरातींची लाटच आली. शेप-अप्स या आपल्या वक्र तळाच्या बुटांच्या असल्याच दाव्यांवरून स्केचर्सने 2012 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी 4 कोटी डॉलरची तडजोड केली. जाहिरातीतले शब्द बदलले, दावा मात्र तोच फिरतोय.

घाटरस्ता

असहमत. जमिनीचं बल बदललं नाही म्हणून पायाच्या आतलं बल बदलत नाही, हे कुठलं गणित? पळणाऱ्याची पोटरी आणि अकिलीस (पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) दुखते ती आतल्या ओढीने. ती ओढ ठरते तरफेवर.

70 किलोचा माणूस घ्या, म्हणजे साधारण 690 न्यूटन. जॉगिंगला 2.3 पट धरलं तर जमिनीचं बल 1,580 न्यूटनच्या आसपास. पाऊल मागे ढकलताना हे बल घोट्याच्या 13 सेंटीमीटर पुढे लागत असेल, तर घोट्यावरचा टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, सुमारे 205 न्यूटन-मीटर. अकिलीसच्या तरफेची घोट्यापासूनची लांबी जेमतेम 5 सेंटीमीटर, म्हणजे कंडरेला 4,100 न्यूटन ओढावे लागतात. वजनाच्या सहा पट! आता सोलच्या वळणामुळे बलाचा बिंदू नुसता दीड सेंटीमीटर मागे राहिला, तर टॉर्क 182 वर येतो आणि कंडरेवरची ओढ 3,640 वर. साडेचारशे न्यूटन कमी, तेही प्रत्येक पावलाला. तासाभराच्या जॉगिंगमध्ये एकेका पायाची साडेचार-पाच हजार पावलं पडतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी अकिलीसचा जुना त्रास असलेल्या पळणाऱ्यांवर रॉकर बूट घालून मोजमापं घेतली, तेव्हा पाऊल ढकलतानाच्या टॉर्कमधली घट 10 ते 15 टक्क्यांच्या पट्ट्यात आली, चालताना आणि पळताना दोन्हीकडे. तेव्हा "नुसतं सरकतं" म्हणून विषय संपत नाही. दीड सेंटीमीटर सरकणं हाच तर फायदा.

अनवाणी

आणि ते साडेचारशे न्यूटन रोज वाचवल्यावर स्नायूंचं काय होतं?

2020 साली लीबरमन यांच्या हार्वर्डच्या गटाने आणि जर्मन सहकाऱ्यांनी साध्या सँडलला 10, 20, 30 आणि 40 अंशांची टोकाची उचल देऊन 13 जणांना ट्रेडमिलवर चालवलं. उचल वाढली तसं बोटांच्या सांध्याभोवतीचं काम कमी होत गेलं. बोटं आधीच वर धरलेली, त्यामुळे तळव्यातल्या बारीक स्नायूंना सांधा आवरायला कमी कष्ट. वर्षानुवर्षं असं चाललं तर हे स्नायू दुबळे होतील आणि प्लांटार फॅसियावर (तळव्याखालच्या जाड पट्ट्यावर) ताण येईल, असा अंदाज त्यांनी मांडला. तो अंदाजच आहे, सिद्ध झालेलं नाही. पण घाटरस्ता, तुमचा फायदा मांडताना ही बाजूही वहीत लिहा. वाचवलेलं काम फुकट नसतं.

टाच_ते_अंगठा

घाटरस्ता, तुमच्या हिशेबात बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, गृहीतक पटत नाही. तुम्ही पाय स्थिर ठेवून सोल बदललात. माणूस तसा चालत नाही.

हॅन्सन आणि वांग यांनी 2010 मध्ये निरोगी लोकांना वेगवेगळ्या त्रिज्येचे रॉकर देऊन चालवलं. त्रिज्या पूर्ण पायाच्या (पावलाच्या नव्हे) लांबीच्या 25, 40 आणि 55 टक्के. लोकांनी घोट्याची हालचाल अशी बदलली की बूट आणि पाय मिळून जो एकूण गोल आकार जमिनीवर लोळतो, तो जवळजवळ तोच राहिला. निरोगी घोटा तुमचं वळण गिळून टाकतो. ज्याचा घोटा जखडलाय किंवा पाय कृत्रिम आहे, त्याला हे जमत नाही आणि सोलचा पुरता परिणाम त्यालाच मिळतो. मी उपचाराचं साधन म्हणतो ते याचमुळे.

मऊतळ

तुम्ही दोघंही "रॉकर" हा एकच शब्द धरून दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडताय. सोल बनवणाऱ्याला तीन मापं विचारा, मग बोलू.

पहिलं, सोल जिथून वर उचलायला लागतो ती आडवी रेषा, म्हणजे अ‍ॅपेक्स. चवड्याचा दाब उतरवायचा असेल तर ती बुटाच्या लांबीच्या 52 ते 60 टक्क्यांवर, मेटाटार्सल टोकांच्या सुमारे सेंटीमीटरभर मागे हवी. दुसरं, पुढची उचल साधारण 20 अंश. तिसरं, अ‍ॅपेक्सची रेषा बुटाच्या मध्यरेषेशी 95 अंशांच्या आसपास, किंचित तिरपी. चौथं माप नाही, पण त्यावाचून वरची तिन्ही वाया जातात: सोल पुढच्या भागात वाकता कामा नये. वाकला की चवडा पुन्हा जमिनीवर चेपतो आणि वळण नुसतं दिसायला उरतं.

आता 20 अंश म्हणजे किती ते बघा. 28 सेंटीमीटरच्या सोलवर अ‍ॅपेक्स 58 टक्क्यांवर धरला तर पुढे पावणेबारा सेंटीमीटर उरतात, म्हणजे टोक जमिनीपासून सव्वाचार सेंटीमीटर वर. साच्यातच दीड सेंटीमीटर उचल असली तरी उरलेली जाडी सोलमध्ये भरावीच लागते. दुकानातल्या बहुतेक रनिंग बुटांत अ‍ॅपेक्स यापेक्षा पुढे असतो आणि उचल कमी. म्हणजे त्या बुटावर मोजलेल्या आकड्याने उपचाराच्या सोलला नावं ठेवू नका आणि उलटही करू नका.

साध्या बुटाला खाली रॉकर चढवायचा असेल तर काम असं चालतं. अनवाणी उभं करून शाईच्या मॅटवर ठसा घ्यायचा, पहिल्या आणि पाचव्या मेटाटार्सलच्या टोकांच्या खुणा बुटाच्या बाहेरच्या कडेवर उतरवायच्या. ही पायरी बूट घातलेल्या स्थितीत पुन्हा तपासायची, कारण अर्धा नंबर मोठा बूट असला की पाय पुढे-मागे सरकतो आणि रेषा चुकते. मग जुना सोल खरवडून पूर्ण लांबीची कडक पट्टी, कार्बनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची. त्याखाली घट्ट ईव्हीए (फोम) किंवा एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर), ग्राइंडरवर घासून वळण, शेवटी रबराचा पातळ थर. एका बुटाला जाडी चढवली की दुसऱ्यालाही तेवढीच चढवायची. हे राहिलं की महिन्याभरात कंबर दुखण्याची तक्रार येते आणि लोक रॉकरला दोष देतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मऊ फोममुळे. टाच खचते, अ‍ॅपेक्सजवळचा भाग चेपून सपाट होतो आणि उचल आपोआप कमी होते. बूट सपाट टेबलावर ठेवून अ‍ॅपेक्सवर बोटाने दाबा आणि टोकाखाली पट्टी धरून उंची मोजा. नव्याने घेतलेलं माप लिहून ठेवलं असेल तर खच लगेच कळते.

घाटरस्ता

मऊतळ यांची मापं मान्य. पण टाच_ते_अंगठा, तुमचा 2010 चा दाखला चालण्याचा आहे आणि निरोगी लोकांचा. मी बोलतोय जॉगिंगबद्दल. चालताना त्याच 70 किलोच्या माणसाचा टॉर्क शंभरच्या आत-बाहेर असतो, पळताना दुप्पट. जुळवून घेण्याची मोकळीक तिथे कमी उरते, कारण पाय जमिनीवर असतोच पाव सेकंद, जरा जास्त.

शिवाय टाचेकडचं वळण तुम्ही विसरलात. हळू पळणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात. टाच चौकोनी असेल तर बल घोट्याच्या बरंच मागे लागतं, पाऊल फटकन खाली आपटू नये म्हणून नडगीचा पुढचा स्नायू ताणून धरावा लागतो. मागचा कोपरा गोल केला की ती तरफ आखूड होते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला पळताना ज्यांना पेटके येतात, त्यांना हे लगेच जाणवतं.

फिजिओताई

दोघांचंही थोडं थोडं मान्य करते.

अकिलीससाठी रॉकर द्या, पण तो व्यायामाच्या जागी देऊ नका. कंडरेला सुधारायला भार लागतोच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा जुना नेम 15 चे तीन सेट, गुडघा सरळ आणि वाकवून दोन्ही प्रकारे, दिवसातून दोनदा, 12 आठवडे असा आहे. रॉकर या काळात जॉगिंगचा भार सहन होईल इतका खाली आणतो, एवढंच त्याचं काम. अनवाणींची काळजी इथे लागू पडते: सहा महिने बूट चालू आणि व्यायाम बंद, अशा पोटऱ्या एका पायावर दहा वेळा टाच उचलताना थरथरतात.

अंगठ्याचा सांधा कडक झालेल्यांना मात्र मी सरळ सांगते, चालायलाही घाला, पळायलाही घाला. त्या सांध्याला ढकलताना वाकावं लागू नये हाच हेतू आहे आणि कडक वक्र सोल तो चोख साधतो. यात घाटरस्ता आणि टाच_ते_अंगठा यांचं भांडण कुठे आहे ते मला दिसत नाही.

कोणाला देऊ नये: एका पायावर 10 सेकंद उभं राहता येत नाही, गेल्या वर्षात पडले आहेत, किंवा जिने उतरताना कठड्याला धरतात. उभं राहिल्यावर सोलचा टेकणारा भाग आखूड असतो, त्यामुळे माणूस पुढे-मागे झुलतो. जिना उतरताना पायरीच्या कडेवर बरोबर वळणाचा भाग येतो आणि पाय पुढे घसरल्यासारखा वाटतो. जाड सोलने क्लच-ब्रेकचा अंदाजही चुकतो, गाडी चालवायला दुसरा जोड ठेवा.

अनवाणी

आणि कार्बन पट्टीचे शर्यतीचे बूट? 2023 मध्ये असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या नॅव्हिक्युलर हाडाला (पावलाच्या मधल्या भागातलं छोटं हाड) ताणाची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. कडक आणि वक्र, दोन्ही एकत्र.

घाटरस्ता

पाच जण आणि तुलनेला गट नाही. कारण सिद्ध होत नाही, इशारा म्हणून ठीक. नव्या जोडाने पहिल्या आठवड्यात लांब पळू नये, एवढं त्यातून घ्यावं.

उलट एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. 2017 पासून व्हेपरफ्लाय या नायकीच्या कार्बन पट्टीच्या बुटाचं जे कौतुक झालं, त्याचं श्रेय वळलेल्या पट्टीला दिलं गेलं. 2022 मध्ये संशोधकांनी त्याच बुटाची पट्टी आडवी कापून मोजलं, तर पळण्याच्या ऊर्जेत म्हणण्यासारखा फरक आला नाही. वेग फोम देतो. वळणाने कंडरेवरची ओढ कमी होते असं माझं म्हणणं आहे, त्याने माणूस जोरात पळतो असं नाही. उपचाराचे जड रॉकर तर उलट महाग पडतात. बुटाच्या दर 100 ग्रॅमला ऊर्जा साधारण एक टक्का जास्त लागते.

टाच_ते_अंगठा

मग आपण जवळ आलो, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ज्याची कंडरा दुखत नाही, सांधा मोकळा आहे, त्याने का घ्यावा? "आज बाजारात सपाट मिळतच नाही" हे उत्तर नव्हे.

आणि मधुमेही पायाबद्दल कोणीच बोललं नाही. तिथे दुकानातला वक्र बूट धोक्याचा ठरतो, कारण वळण चुकीच्या जागी असलं तरी रुग्णाला कळणार नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बुटाच्या आत दाब मोजून आधीपेक्षा 30 टक्के घट किंवा 200 किलोपास्कलच्या खाली, असं लक्ष्य दिलंय.

मऊतळ

दाब मोजायचं यंत्र किती ठिकाणी आहे? ते नसेल तर निदान हे करा: 20 मिनिटं चालवा, मोजे काढा, लाली कुठे आहे बघा, पुन्हा 20 मिनिटांनी बघा. तोवर लाली गेली नाही तर अ‍ॅपेक्स चुकलाय किंवा आतला इनसोल कडक आहे. चवड्यावरची लाली गेली आणि टाचेवर आली, तर टाचेखाली मऊ भर घाला. आणि पहिल्या आठवड्यात रोज हात फिरवून बुटाचं आतलं अस्तर तपासा. संवेदना गेलेल्या पायाला आत राहिलेला खिळाही कळत नाही.

घाटरस्ता

टाच_ते_अंगठा, तुमच्या प्रश्नाला उत्तर: चाळिशीनंतर जॉगिंग सुरू करणाऱ्याची पोटरी आधी बोलते, गुडघा नंतर. अशाला दुखेपर्यंत थांबा म्हणणं मला पटत नाही. आठवड्याच्या तीन फेऱ्यांपैकी लांब फेरी वक्र जोडाने आणि छोट्या दोन सपाट जोडाने, असं मी सुचवतो. स्नायूंना कामही मिळतं आणि कंडरेवरचा भारही आटोक्यात राहतो.

टाच_ते_अंगठा

दोन जोड आलटून-पालटून, हे चालेल. फक्त ते दुकानदाराने नव्हे, पाय तपासणाऱ्याने सांगावं.